उतार

दोन दरवाजे उभे करून ठेवावेत तसे ते हॉलमध्ये,
कुठेही न उघडणारे.
आत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ एक पडदा
दोन जाळ्यांच्या मधोमध ताणलेला,
पाच हजार व्होल्टवर टक्क जागा.
मुलुंडचा दुसरा मजला. सोफा विकला तेव्हा कुठे मावले.
समोर एकच खुर्ची. तिच्या पायांच्या जागा
मी मोजून, चिकटपट्टीनं आखलेल्या.
वीतभर हललात की गवई भिंतीत जातो.

पहिला अ‍ॅम्प्लिफायर दिमाखात आला,
दोनशे वॅट, कपाळावर निळा डोळा.
पखवाजापर्यंत ठीक. झांज वाजली
आणि डोळा मिटला.
कळ दाबली, उघडला. झांज. मिटला.
सुमेधा गवार मोडता मोडता म्हणाली,
"ह्याला झांजेचं वावडं दिसतंय."

लॅमिंग्टन रोडला, मोबाइलच्या काचा विकणाऱ्या
दोन दुकानांच्या मधल्या जिन्यानं वर
विश्राम खोत ट्रान्सफॉर्मर गुंडाळत बसतात.
अंगठ्याला तांब्याच्या तारेनं पाडलेला घट्टा.
त्यांनी बिलाच्या पाठीवर एक रेघ काढली,
डावीकडे उंच, मग घसरतच गेलेली.
"वॅट काय मोजताय? हा उतार बघा.
खर्जात साठ ओहम, आणि वर, अगदी टोकाला, जेमतेम एक.
सूर जितका बारीक, तितकं हे जास्त मागतं.
नि घेतलेलं सगळं ठेवून घेत नाही, परत फेकतं.
देणारे पुष्कळ मिळतील.
परत आलेलं पोटात घालणारा शोधा."

तसा एक मिळाला, तीस किलोचा, वेल्डिंगच्या यंत्रासारखा.
वर आणताना वॉचमन दोनदा देवाचं नाव घेऊन थांबला.
झांजेला तो हूं की चूं करेना.
पण माझा जुना प्रीअ‍ॅम्प त्याच्यापुढे ओरडायचा:
खटका सातवरून आठवर नेला की
शेजारचे रेगे भिंतीवर थाप मारत,
आणि उरलेला सगळा फेरा नुसता शोभेला.
रात्री तर दोघं मिळून घूं करत,
काहीच वाजत नसताना.

खोत हसले. "दोघंही मोठ्यानं बोलणारे,
मग घरात तिसरा हवा."
स्टीलच्या पोळीच्या डब्यात बांधलेलं काहीतरी
त्यांनी पेपरात गुंडाळून दिलं.
"हा काही वाढवत नाही. नुसता मध्ये उभा राहतो."
"किती द्यायचे?"
"ऐका आधी."

त्या रविवारी कॅसेट काढली. अठ्ठ्याऐंशी साल,
ठाण्याच्या शाळेचं सभागृह, सुमेधाचा मारवा.
पाहुण्यांना मी ती कितीदा ऐकवली असेन,
"बघा, कसा खणखणीत लागलाय," असं म्हणत.
खुर्ची तिला दिली. मी स्वयंपाकघराच्या दारात,
जिथं सगळं दबकं पोचतं.

तरीही
तानपुऱ्याच्या चार तारा चार जागी.
कुणी खोकलं, तिसऱ्या रांगेत असावं.
बांगडी हार्मोनियमला लागली.
मग सुरू करण्याआधीचा तिचा श्वास,
दोन तुकड्यांत.

सुमेधा पुढे सरकली.
"इथे घाबरले होते मी," म्हणाली.
"बाईंनाही कळलं नव्हतं."
पुढचा पूर्ण ख्याल ती जमिनीकडे बघत होती.
मी गॅस बंद केला, जो मुळात बंदच होता.

जुलैत पडदे दमट होतात. चट् चट् करतात,
कुणी अंधारात मोहरी टाकावी तशी.
हवा कोरडी करायचं एक यंत्र आणलंय,
दिवसाला दोन लिटर पाणी काढतं,
ते कढीपत्त्याला जातं.
खोतांचा परवा फोन आला.
"ऐकलंत?" म्हणाले. मी म्हटलं, ऐकतोय अजून.

काल बघतो तर खुर्ची खुणांच्या बाहेर,
चांगली हातभर मागे, खिडकीकडे कललेली.
ती दुपारी एकटी बसली असणार.
मी सरळ केली नाही.
झांज आता जरा डावीकडून येते.