दोन माणसांची कयाक

पारा किती उतरला, मला माहीत नाही.
आमच्याकडे थंडी मोजतात खोबरेल तेलावर.
बाटलीत थिजलं, म्हणजे पडली.
आज बाटली उलटी केली, तळव्यावर आपटली,
तेल हललं नाही.

सातारचे पाहुणे काल रात्री हसले होते,
'ही कसली थंडी? आमच्याकडे या एकदा.'
सकाळी सहाला दार वाजवलं तर
आतून गोधडी बोलली,
'नाश्त्यानंतर बघू.'

म्हणून पुढच्या बाकावर आज अर्धा चिरा.
दोन माणसांची कयाक एकट्यानं नेली
की नाक वर करून चालते,
वरपक्षाकडच्या आत्येसारखी,
आणि वारा म्हणेल तिकडे वळते.
चिरा बसवला की सरळ.

देवबागच्या मागल्या अंगाला कर्लीवर धुकं.
पाणी दिसत नव्हतं, ऐकू येत होतं:
एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
आणि मधल्या वेळात वल्ह्यावरून उतरून
बाहीतून कोपरापर्यंत चाललेला
एक थेंब.
काठावरच्या मोहोराचा वास चिखलाच्या वासात मिसळलेला.
जाळ्याच्या खुंटावर खंड्या,
मान पिसांत, निळा रंगही आवरून घेतलेला.
कांदळवन संपेपर्यंत
बोटं माझी राहिली नव्हती.

'कोण तां?'
धुक्यातून बाईचा आवाज.
'मी. भिकाजीचो.'
'मगे हय ये. गुडघ्यार हुता पाणी, कमरेर इला.
नातू होडी घेवन येवचो हुतो.
निजलो आसतलो मेलो.'

दुरपा तारी. वाळूच्या पट्टीवर उभी,
कानांवरून मफलर, अंगात नवऱ्याचा स्वेटर,
कमरेला दोरीनं बांधलेली टोपली
तिच्यामागे तरंगत होती, गाईमागच्या पाडसासारखी.
भरती लागून अर्धा तास झाला असेल.

तिनं कयाकला हात लावून पाहिला.
'ह्या पाटीत बसू? बुडाची नाय मां?'
'नाय.'
'आणि तो धोंडो कित्याक बसवलंस?'
'वजनाक.'
'मगे मी बसतंय. वजनाक.'

चिरा पाण्यात गेला.
एक जाड आवाज, आणि धुक्यानं तोही मिटवला.

लाइफ जॅकेट दिलं, ते तिनं टोपलीखाली घातलं,
मुळे सांडू नयेत म्हणून.
मी बोटांवर फुंकर घालत होतो.
मागे न बघता म्हणाली,
'फुकतंस काय? पाण्यात घाल.'

घातली.
पाणी कोमट होतं.

सात हंगाम मी या पाण्यावर पाहुणे फिरवतोय,
प्रत्येकाला बजावतोय, हात आत घालू नका, गार आहे.
सात हंगाम.

'थंडी वयली रे,' ती म्हणाली,
'खालच्याक ठावकच नाय.'

मग पुढं काही बोलली नाही.
स्वेटरच्या कोपराला वेगळ्याच लोकरीचं रफू.
वल्हं तिला नकोच होतं,
नुसता हात उचलायची: हय. थय.
तिथं वाळू वर आलेली असायची
किंवा कुणाचं तरी जाळं.
मी मारत होतो, ती नेत होती.

कोरजाईच्या पायऱ्यांशी उतरली,
पाय दोनदा झटकले,
आणि बाकाच्या खळग्यात मूठभर मुळे टाकून म्हणाली,
'भाडा.'
नातवाला घालायच्या शिव्या
पायऱ्या चढतानाच सुरू झाल्या.

परतताना धुकं विरलं.
पलीकडे काठावर सातारकर, हातात चहा,
एकानं जॅकेट उलटं घातलेलं,
सगळे मिळून मला हात करत होते.
पुढच्या बाकावर सोळा मुळे
एकमेकांवर आपटत, तोंडं घट्ट मिटून.
तेवढ्यांचं वजन ते काय.
नाक वर करून कयाक भटकायला लागली,
वल्हं मांडीवर आडवं टाकून
मी तिला भटकू दिली,
एक हात पाण्यात.