ग्राहकाचे नाव

बावीस वर्षं खांबावर चढतोय.
वरून गाव वेगळं दिसतं:
हद्द दिसत नाही, कौलं दिसतात,
आणि कुणी कुठे आकडा टाकलाय ते.

खाडीच्या या काठाला वेंगणे, त्या काठाला मोर्वे,
मधल्या जुव्यावर गाळवाडी,
तोंडाशी बंदरपेठ, जिला आता नगरपंचायत म्हणायचं.
चौघांच्या चार तारा,
आणि वादळात चारही एकाच रात्री पडल्या.
एकोणीस दिवस काळोख.
पास्कू रॉड्रिक्सच्या कारखान्यात
बर्फाच्या लाद्यांचं पाणी झालं,
कुजलेली सुरमई आम्ही वाळूत पुरली,
चारही गावांनी, एकाच खड्ड्यात.

एकत्र येण्याची गोष्ट तिथून सुरू होते.
अहवालात तिला दूरदृष्टी म्हटलंय.

मग जिल्ह्याहून मृण्मयी पेडणेकर आली.
लिलावाच्या शेडमध्ये तिने नकाशा पसरला,
कोपऱ्यांवर तराजूची वजनं ठेवली,
निळी रेघ ओढली: भरती इथवर.
जयवंती खोबरेकरणीने चष्मा न लावता
रेघेच्या वर दोन बोटं जागा दाखवली:
"अमाशेक पाणी हयसर येता. माझी चूल विझता."
पेडणेकरबाईंनी खोडरबर काढला.
हे काम होईल, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

एसटीचा स्टँड टेकाडावर सरकला.
नवा रस्ता कांदळवनाला वळसा घालून गेला,
त्यापायी दाजी घाड्यांचं तोंड आठ दिवस वाकडं.
वेंगण्याचा सडा सौर पाट्यांना,
श्रावणात तेरडा फुलतो तेवढा तुकडा सोडून;
मोर्व्याचं जुनं गोदाम बॅटऱ्यांना;
बर्फ सगळ्यांना.
आणि तार जमिनीखालून. खाडीच्याही खालून.
कुणीतरी मला विचारलं, "मगे तू चढतलंस खंय?"
मी हसलो.
उत्तर अजून सापडलेलं नाही.

सगळं ठरलं आणि मीटरवर अडलं.
सडा एकाचा, गोदाम दुसऱ्याचं,
बिल कुणाच्या नावे?
तीन सभा झाल्या. चौथीत चहा बंद झाला.
रिकामी पाटी काखेला मारून उठता उठता
जयवंती म्हणाली,
"खाडयेच्या नावार घाला. ती खंय पळान जातली?"

वीज कचेरीच्या खिडकीशी फॉर्म घेऊन मीच उभा.
ग्राहकाचे नाव: खाडी.
क्लार्कचं पेन थांबलं.
"वडिलांचं नाव?"
मागून पास्कू: "सह्याद्री लिव."
"पती?"
"दर्याच. दिवसात दोनदा घराक येता."
क्लार्क हसला नाही.
म्हणाला, नियमात बसत नाही.
खरंच बसलं नाही.
आज मीटर एका संस्थेच्या नावावर आहे,
आणि ते नाव इतकं लांब
की बिलाच्या रकान्यात मावत नाही, मध्येच तुटतं:
वेंगणे मोर्वे बंदरपेठ खा

दर महिन्याला मी तिथेच थांबून वाचतो.
पुढचं अक्षर ठाऊक असतं.

गाळवाडीने सही केली नाही.
त्यांचं म्हणणं, जुव्याला शेवटी विचारतात,
आणि तेही होडी मिळाली तर.
खोटं नाही बोलत ते.
रात्री त्यांच्याकडे डिझेलचा जनरेटर धडधडतो,
पाण्यावरून आवाज इथवर येतो,
आमच्या बर्फाच्या शांततेत तो जास्तच ऐकू येतो.

पेटीत मी एक खटका रिकामा ठेवलाय,
वर खडूने लिहिलंय, गा.
खारं वारं लागून खडू उतरतो.
दर सोमवारी पुन्हा लिहितो.