चोचीचा बाक

नेरूळच्या तळ्याकाठी
गव्हाणकरकाका उजाडायच्या आत हजर.
गळ्यात दुर्बीण, खिशात वही,
एक चप्पल चिखलानं गिळलेली,
म्हणून तेही एका पायावर.

मी वीजबिलाच्या पाठीवर त्यांना काढलं:
नाक घोसाळ्याएवढं,
पोट दुर्बिणीच्याही पुढे,
आणि समोरचा रोहित पक्षी वहीत लिहितोय,
"नग एक. स्थलांतर करत नाही."

भीत भीत दाखवलं.
चष्मा कपाळावर सरकवून
काका बघत राहिले.
नाकाबद्दल अवाक्षर नाही. पोटाबद्दलही.
म्हणाले, "चोचीचा बाक चुकलाय रे.
जरा अलीकडे वळते ती."

आता घरी सातव्यांदा
तीच चोच खोडतोय.
गॅसवरून ओट्यावर
दुधाचं स्थलांतर चालू आहे.