उणिवेचे गुण

डुलूथमध्ये गुरुवारी साडेसहाला
कान्गासच्या हार्डवेअर दुकानाचं तळघर उघडतं.
वर खिळे, बिजागऱ्या, बर्फ उपसायची फावडी.
खाली घडीचं टेबल, पाच खुर्च्या आणि एक हीटर,
जो पेटताना दर वेळी
कुणाला तरी शिवी द्यायची राहून गेल्यासारखा खाकरतो.

भिंतीला लागून खोकी, खोक्यांत कॉमिक्स,
एकेक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाठीला पुठ्ठा,
म्हातारपणी ताठ बसवल्यासारखा.
सदतिसावा अंक नाही. रेनो कान्गास बावीस वर्षं तो शोधतोय.
छत्तिसाव्यात नायक पुलावरून पडतो,
अडतिसाव्यात तो शांतपणे अंडी खातोय.
मधे काय घडलं यावरून आमच्यात दोनदा अबोला झालाय
आणि एक घटस्फोट,
पण त्याला इतरही कारणं होती.

मी सूत्रधार. पुठ्ठ्याच्या आडोशामागे माझे फासे,
नकाशे, खलनायकाच्या हस्तकांची नावं आणि पगार.
नियम सोपा: शंभर गुण घ्या, त्यांतून शक्ती विकत घ्या.
उडण्याचे तीस. भिंतीपलीकडचं दिसण्याचे वीस.
उणीव लिहिलीत तर गुण परत मिळतात,
खोल असेल तितके जास्त.
असं दुसरीकडे कुठे होत असेल तर मला कळवा.

डेल्फीन रात्रपाळीला अँब्युलन्स चालवते.
तिची नायिका काळ थांबवते. सहा सेकंद, फार नाही.
उणीव: थांबलेल्या काळात तीही थांबते.
"मग उपयोग काय?" रेनोनं विचारलं.
"विश्रांती," ती म्हणाली,
आणि चिप्सचा वाडगा पुढ्यात ओढला.

ऑर्विल नवा. सत्तरीचा. गोदीवर क्रेन चालवायचा.
नातवानं त्याला इथे सोडलं,
मांजर सोडतात तसं, मागे न बघता गाडी वळवून.
त्यानं नायकाचं नाव ठेवलं भोंगा.
धुक्यात ओरडला की जहाजं जागच्या जागी थांबतात.
उणिवेच्या रकान्यात लिहिलं: नाही.
मी कागद परत दिला.
लिहिलं: गुडघे.
"याचे पाच," मी म्हटलं.
"गुडघ्यांचे फक्त पाच?"
पण खेळला. तीन गुरुवार, कोट न काढता.

चौथ्या गुरुवारी मी धुकं आणलं.
उचलता पूल खाली अडकलेला, वर माणसं,
आणि सुकाणू तुटलेलं जहाज सरळ त्याच्यावर.
"भोंग्या, ओरड. अकराच्या वर दान हवं."
ऑर्विलनं वीस पैलूंचा फासा मुठीत धरला
आणि धरूनच ठेवला.

"शहाऐंशी साली," तो म्हणाला,
"मी वर केबिनमध्ये होतो. खाली टाउनो.
साखळी सुटताना मला दिसली.
तोंड उघडलं होतं मी."

मग पेन्सिल मागितली,
रकान्यात गुडघ्यांखाली काहीतरी लिहिलं,
कागद माझ्याकडे न सरकवता विचारलं,
"याचे किती?"

नियमांच्या पुस्तकातला तक्ता तीसला संपतो.
मी पानं उलटत राहिले, उगाच, मागची पुढे.
डेल्फीननं काळ थांबवला,
आणि नियमाप्रमाणे तीही थांबली.
हीटरसुद्धा खाकरला नाही.

मग फासा टेबलावरून घरंगळला,
चिप्सच्या वाडग्याला आपटून थांबला.
चार.

मला बदलता आलं असतं. आडोशामागे सगळे बदलतात.
पण तो फासा उघड्यावर पडला होता,
आणि ऑर्विल माझ्याकडे बघत होता,
बघू, ही काय करते.
मी म्हटलं, "जहाज पुलावर आदळतं."

"बरं," तो म्हणाला. कोट काढला,
खुर्चीच्या पाठीला लावला. "पाणी किती खोल?"

त्या रात्री साडेअकरापर्यंत
आम्ही माणसं काढत होतो पाण्यातून.
रेनोनं दोर टाकले, डेल्फीननं श्वास दिले.
सत्तेचाळीस निघाली.
ऑर्विल मोजत होता,
मोठ्यानं.