भिंतींना धडकण्याचं काम

सात वर्षं मला भिंतींना धडकण्याचा पगार मिळाला.
प्रत्येक खेळातली प्रत्येक भिंत: तिरक्यात, पोहत,
घोड्यावर बसून, घोडा उलटा धरून.
कुठे फट सापडली की लिहायचं,
"गोठ्याची मागची बाजू, कोपर आत जातं."
ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी कंपनीनं
आम्हा एकोणीस जणांना एकाच पत्रात बसवलं.

नोव्हेंबर. डंडी. चार वाजता दिवे.
टे नदीवरचं धुकं थेट जिन्यापर्यंत येतं,
सीगल कचऱ्याच्या पिशव्यांचा पंचनामा करतात.
माझ्याकडे सोफा होता, मसुरीची डाळ होती,
आणि आवडतं म्हणून खेळायची मुभा.

जमेना.
गावप्रमुख कळवळून सांगतोय, पूल तुटलाय, मुलं पलीकडे अडकलीत,
आणि मी त्याच्या झोपडीच्या कुडाला खांदा लावून बघतोय.
नवव्या दिवशी मिठागराचा एक खेळ मिळाला.
एक बाई, एक फावडं, एक गाढव. शत्रू नाहीत.
मीठ ओढायचं, वाळवायचं,
रात्री गाढवाला काहीतरी सांगायचं.
मी पहाटे तीनपर्यंत सांगत बसलो.
काय, ते इथे लिहीत नाही.

सिनेमे अकरा पाहिले, लक्षात एक राहिला.
रोमानियन असावा; सबटायटल अर्ध्यातच गेली.
एक म्हातारा तासभर लिफ्ट दुरुस्त करतो.
लिफ्ट चालू होते. तो जिन्यानं जातो.
ग्रेगरला फोन करून सांगितलं.
"म्हणजे चाचणी घेतलीच नाही?" तो म्हणाला,
आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.
ग्रेगर आता गोदामात रात्रपाळीला खोकी मोजतो.

मालिकेचं म्हणाल, तर सगळ्यात आवडती
मी पाहिलेलीच नाही.
वरच्या मिसेस पेट्रींना कमी ऐकू येतं.
मंगळवारी, गुरुवारी, रात्री नऊला
त्यांचा टीव्ही माझ्या छतातून बोलतो:
बेट, दीपगृह, बुडालेला डॉक्टर,
आणि भिजलेल्या दोरासारख्या आवाजाची एक इन्स्पेक्टरबाई.
चेहरे मीच दिले.
बाईंना माझ्या इचलकरंजीच्या मावशीची हनुवटी,
नाववाल्याला आमच्या एचआरचं हसू.
त्यामुळे खून कुणी केला
याबद्दल माझं मत पहिल्यापासून ठाम होतं.

सत्तावीस तारखेला धीर करून आमचाच खेळ लावला.
पुलाखाली चौथी कमान. तिथली फट मी तीनदा कळवली होती,
तीनदा उत्तर आलं होतं, "खेळाडू इथवर येणार नाही."
आलो.
उडी मारली आणि जगाच्या खाली पडत राहिलो.
वर अख्खं गाव तळव्यांकडून दिसत होतं:
माणसांचे जोडे, विहिरीचं बूड,
आणि झाडं, ज्यांना मुळं कुणी काढलीच नव्हती.
महिनाभरात इतकं सुंदर काही पाहिलं नाही.
श्रेयनामावलीत सगळ्यात शेवटी माझं नाव: इंद्रजित खोपक.
'र' कुठल्याशा फटीतून गेला असणार.

तीस तारीख, मंगळवार, शेवटचा भाग.
इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "मला पहिल्या रात्रीच कळलं होतं, की..."
आणि माझ्या कुकरनं शिट्टी दिली.

सकाळी जिन्यात मिसेस पेट्री भेटल्या.
त्यांची पिशवी घेतली, दोन पायऱ्या गप्प चढलो, मग राहवेना.
"शेवटी कोण निघालं हो?"
"कोण कुठे?"
"बेटावर. डॉक्टरला कुणी..."
त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, जरा काळजीनंच.
"बाळा, मी तर आठलाच झोपते.
टीव्ही बोलत असला की घरात कुणी आहेसं वाटतं."

मग आम्ही तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत राहिलो.
माझ्या एका हातात त्यांचे बटाटे,
दुसरा, सवयीनं, भिंतीवर.