आंधळा फाटा

ब्लायनायमधल्या ह्या घराला
बाहेरून पाटीच्या दगडाच्या भिंती,
आतून प्लास्टरबोर्ड:
बारा मिलीमीटर कागद आणि खडू.
दगड आणि कागद ह्यांच्यामध्ये
चार बोटं अंधार.
माझं काम तिथे.

लोवरीने आईसाठी कार्डिफहून नकाशा पाठवलाय.
सिंक दाराजवळून काढून खिडकीखाली,
आणि उंची कमी.
आयर्लिसबाईंचा खुबा आता
फार वेळ उभं राहू देत नाही.
"बसून बटाटे सोलेन," बाई म्हणाल्या,
"बसून भांडी घासेन.
ओरडायला तर कधीच उभं राहावं लागलं नव्हतं."

मेन कॉक बंद केला.
टिचक्या मारत निघालो,
पाव भाजला का बघायला
बुडावर मारतात तशा.
ढब, ढब, ढब. ठक: खांब.
भिंतीला कान असतात म्हणतात,
ह्या भिंतीला नुसतं पोट होतं.

करवतीचं टोक घुसवलं.
पांढरी पूड बुटांवर, केटलीवर,
खुर्चीखाली झोपलेल्या मांजराच्या पाठीवर.
झाकण काढावं तसा बोर्ड काढला
आणि समोर एमरिसचं काम.
खाणीतला माणूस, प्लंबर नव्हे,
पण एकेक सांधा चमच्यासारखा पुसलेला.

फक्त एक हिशेब लागेना.
कोपऱ्यातल्या टी-जोडातून
तांब्याचा एक फाटा निघाला होता,
तीन खांब पार करून
खिडकीखाली पोचला होता
आणि तिथे टोपी घालून गप्प.
ना नळ, ना मशीन.
आमच्या धंद्यात ह्याला
मेलेला पाय म्हणतात.
बाई कुबडी टेकून उभ्या होत्या,
मी तो शब्द गिळला.

"इथे कधी नळ होता का?"

"व्हायचा होता.
त्याच्या आईसाठी. तिची चाकांची खुर्ची होती.
ती इथे राहायला येणार होती.
मी नाही म्हटलं."
मग केटलीवरची पूड फुंकून:
"तू दूध किती घेतोस?"

कुठे पाणी मुरत होतं ते कळलं.
मुरत तरी कुठे होतं,
बत्तीस वर्षं नुसतं उभं होतं.

कटर फिरवला, खाली पातेलं धरलं.
मला वाटलं होतं गढूळ असेल, शेवाळलेलं.
निघालं नितळ, कपभर,
वास मात्र जुन्या नाण्यांचा.
बाई वाकून बघत राहिल्या.
"एवढंच?"
पातेलं त्यांनी स्वतः उचललं,
पाणी हिंदकळलं, सांडलं नाही,
आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.
मी ओतू का, असं विचारलं नाही.

तांबं काढून टाकलं. नियमच आहे,
साचल्या पाण्याच्या नळीवर विसंबायचं नाही.
पण भोकं नवी पाडली नाहीत.
सुरुंगासाठी भोकं पाडण्यात
हयात गेलेल्या माणसाची भोकं ती,
खांबाच्या बरोबर मधोमध,
एका ओळीत.
माझी प्लास्टिकची नळी
त्यांतून सरसर गेली,
जणू मापंच आधी घेऊन ठेवली होती.

शेवटच्या खांबावर पेन्सिलचा आकडा: ७५०.
साताच्या पोटातून आडवी रेघ.
लोवरीचा नकाशा पुन्हा उघडला.
सिंकची उंची, जमिनीपासून:
सातशे पन्नास.
मोजपट्टी लावून पाहिली, दोनदा,
जशी काही चूक
मोजपट्टीचीच असणार होती.

भिंत बंद करण्याआधी मी नेहमी
एक फोटो काढतो,
पुढच्या प्लंबरसाठी.
कुठे नळी, कुठे वायर, कुठे खिळा मारू नये.
त्या फोटोत नळ्या आहेत, मोजपट्टी आहे,
आकडा आहे,
आणि डाव्या कडेला,
मी बाजूला व्हा म्हटलं होतं तरी,
खांबावर टेकलेला बाईंचा हात.

मग बोर्ड चढवला.
सोळा स्क्रू.
चहा गार झाला होता, तसाच प्यालो.