हे पिण्यासाठी नाही

व्होल्टाकाठी, आमच्या गारीच्या शेडमागे
सालींचा ढीग वयाने माझ्याहून मोठा.
कसावा सोलायचा, किसायचा, पिळायचा, भाजायचा,
खाण्याजोगं ते बाजारात,
उरलं ते मागे.
बकऱ्यासुद्धा ओली साल हुंगून परत फिरतात,
त्यांना त्यातलं कडू कळतं.

वास मात्र घरोघर जातो, बोलावणं नसताना.

यायरा कॉलेजातून आली तेव्हा
पिशवीत आयोडिनची बाटली, थर्मामीटर
आणि एक शब्द : एन्झाइम.
पिठाच्या लांबच लांब साखळ्या असतात, म्हणाली,
कातरायला कात्री हवी.
पाकीट महाग, विमानाने येतं.

गारी परतता परतता एन्योनाम म्हणाली,
"मग अलिहा करताना
आपण मक्याला मोड कशाला आणतो?"

यायराने वही मिटली.
मग पुन्हा उघडली.

ओल्या गोणपाटाखाली मका. तिसऱ्या दिवशी मोड.
लग्नाकार्यात पितो त्या गोड पेयात
कात्री होतीच, फक्त तिला कुणी कात्री म्हटलं नव्हतं.

साली धुतल्या, वाटल्या, शिजवल्या.
चिकट खळ, पळी उभी राहील अशी.
साठ अंशांवर मोडांचं पीठ पडलं
आणि यायराच्या आधी पळीला कळलं :
जड होतं ते सैल झालं.

आयोडिनचा थेंब. निळाकाळा.
तासाने जांभळट.
दिवेलागणीला तपकिरी, बाटलीत होता तसाच.
पीठ संपलं होतं.
मी बोट बुडवून चाखलं. गोड.
ज्या सालींवरून आयुष्यभर घसरत आले
त्यांची गोडी
जिभेला बराच वेळ पटेना.

बेकरीवाल्याकडून उसनं आणलेलं यीस्ट टाकलं.
रात्रभर पिंपं पुटपुटत राहिली,
न भांडता भांडणाऱ्या जावांसारखी.
"जिवंत आहेत ते," यायरा म्हणाली,
"साखर खातात,
आणि टाकून देतात ते आपल्याला हवं."
म्हणजे कचऱ्याचाही कचरा, मी म्हटलं.
कुणी हसलं नाही.

चौथ्या दिवशी भट्टी लावायची
तर सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.
अग्बेकोची मुलगी.
बाप ताडीतून अकपेतेशी गाळायचा.
पहिल्या धारेची चमचाभर बशीत घेऊन
काडी लावायचा,
निळी जळली तर विकायचा,
विकून उरली ती स्वतः संपवायचा,
बेचाळिसाव्या वर्षी तोच संपला.
आईने तांब्याची नळी कडुनिंबाखाली पुरली,
वर फरशी ठेवली.

ती फरशी मी उचलली.

आई दारात. एक शब्द नाही.
नळी घासताना माती निघाली, हिरवट गंज निघाला,
बापाचा वास निघाला का ते मी पाहिलं नाही.
धार सुरू झाली तेव्हा
कुणी न सांगता आईने घागर आणली
आणि गार पाणी नळीवरून ओतत राहिली,
तेव्हा ओतायची तसंच,
पाठ माझ्याकडे करून.

दोनदा गाळलं.
बाटलीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं :
हे पिण्यासाठी नाही.
वाचता न येणाऱ्यांसाठी खाली चूल काढली.
चूल जरा घरासारखी झाली.

भर दुपारी पहिला बर्नर पेटवला.
उन्हात ज्योत दिसेना.
"लागलीच नाही," आई म्हणाली.
मी तिचा हात धरून वर नेला, थोडा उंच.
झटक्यात मागे.
मग तिने तो आपणहून पुन्हा नेला,
आणि तिथेच ठेवला, सोसेल तेवढा वेळ.

"काजळी नाही," एवढंच बोलली
आणि भाताचं पातेलं चढवलं.

ढीग अजून आहे.
हातभर कमी.